साहाय्याचे पान

एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून पुढे करणारी माणसे आता प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक वर्गात सापडतात. पण एआयकडून रजेचा अर्ज लिहून घेऊन त्याच्या तळाशी ‘मजकूर यंत्राचा, ताप माझा’ अशी टीप जोडणारा आणि टिपेखाली तारखेसह सही करणारा मनुष्य साऱ्या नवी मुंबईत एकच आहे. हा मनुष्य आमच्या महाविद्यालयाच्या समाजशास्त्र विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर सोळा वर्षे बसला. प्राचार्यांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, “सर, नुसतं ‘ताप आहे, रजा हवी’ एवढं चाललं असतं हो.” सर कण्हतच म्हणाले, “चालले असते. पण मग विनंती कोणी केली, हे आपल्याला कळले नसते.” त्या दिवशी रजा मंजूर झाली ती तापापेक्षा या उत्तराच्या धास्तीने, असे माझे मत आहे.

सर एआयला नेहमी ‘यंत्र’ म्हणतात, आणि यंत्राशी बोलताना ‘आपण’ म्हणतात. “कृपया आपण मला पुढील उताऱ्याचा सारांश सांगाल का?” असे ते एका बोटाने टंकित करतात आणि उत्तर आल्यावर “आभारी आहे” हेही टंकित करून मगच संगणक बंद करतात. एकदा एका विद्यार्थ्याने हसत विचारले, “सर, मशीनला कसलं ‘आपण’?” त्यावर ते म्हणाले, “यंत्राचा मान राखण्यासाठी नव्हे. माझी जीभ बिघडू नये म्हणून.” सीवूड्समधल्या त्यांच्या सोसायटीचे ते काही काळ सचिव होते. तेव्हा पाण्याची टाकी धुण्याची सूचना त्यांनी फलकावर लावली, तिच्या खाली बारीक अक्षरात लिहिले होते : ‘या सूचनेतील दुसरे वाक्य यंत्राने सुचवले आहे. टाकी धुण्याचा वार मात्र वॉचमनला प्रत्यक्ष विचारून निश्चित केला आहे.’ खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी त्यांना लिफ्टपाशी गाठले. “सर, वाक्य कोणाचं का असेना, पाणी कधी येणार तेवढं सांगा ना. घरात पाहुणे आहेत, टेन्शन आलंय.” सर तत्काळ वॉचमनकडे गेले, विचारून आले आणि सूचनेत तिसरे वाक्य घातले. ते कोणाचे, हेही अर्थातच खाली नमूद केले.

यावरून हा मनुष्य यंत्राचा शत्रू असावा असा समज होईल, तर तो चुकीचा आहे. विद्यार्थी लघुप्रबंध एआयकडून लिहून घेऊ लागले, तेव्हा आमच्या शिक्षकांत दोन तट पडले. काहींनी संपूर्ण बंदीची मागणी केली. काहींनी आपल्याला काही दिसतच नाही असे ठरवले. सरांना दोन्ही मार्ग सारखेच वाटले. “बंदी घातली की शिकवावे लागत नाही, आणि डोळे मिटले तरी शिकवावे लागत नाही,” असे ते विभागाच्या बैठकीत म्हणाले आणि शनिवारचा एक तास मागून घेतला. मला त्यांनी त्या तासाला सोबत बसवले. वर्गावर एकच शिक्षक असला की त्याची चूक पकडायला कोणी नसते, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या पहिल्या तासाला त्यांनी दिलेला अभ्यास मी अजून कोठे पाहिलेला नाही. प्रत्येकाने फोन काढावा आणि यंत्राला अशा एका गोष्टीविषयी विचारावे, जी या वर्गात फक्त त्यालाच ठाऊक आहे : आपली गल्ली, आपली इमारत, आपले गाव. पाच मिनिटे वर्गात नुसती बोटे चालली. मग मागच्या बाकावरून, खाडीकाठच्या गावातला एक मुलगा जवळजवळ ओरडलाच, “सर, यानं आमचे गावाला डोंगर दिलाय न नदी पन दिलीय! आमचे गावान नदी कवा होती? खाडी हाय, खाडी!” सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी त्या मुलाला यंत्राचे उत्तर मोठ्याने वाचायला लावले. उत्तर सुरेख होते. भाषा नितळ, वाक्ये डौलदार, आणि डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावात कोणालाही राहायला जावेसे वाटले असते. “हे तुम्हाला खोटे का वाटले?” सरांनी विचारले. “वाटायचं काय त्यात, सर? मी तिथंच ऱ्हातो.” “बरोबर. आता उद्या हेच यंत्र तुम्हाला अशा गावाविषयी सांगेल, जिथे तुम्ही कधी पाऊल ठेवलेले नाही. भाषा अशीच सुरेख असेल. तेव्हा तुम्हाला कोण वाचवील?” मुलगा फोनवरचे उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. त्या प्रश्नात शिकवण्याचे निम्मे काम झाले, हे मला तेव्हाच जाणवले.

उरलेले निम्मे काम त्यांनी एका कागदावर बसवले, आणि त्याला ‘साहाय्याचे पान’ असे नाव दिले. प्रत्येक लघुप्रबंधाच्या शेवटी हे पान असलेच पाहिजे, त्याविना मार्गदर्शकाची सही मिळणार नाही, असा त्यांचा दंडक. त्यात कोणाकडून काय मदत घेतली ते लिहायचे. यंत्राकडून घेतली असेल तर काय विचारले, काय उत्तर आले, ते कसे तपासले आणि त्यातले काय टाकून दिले, हेही लिहायचे. टाकून दिलेल्या गोष्टींवर त्यांचा विशेष जीव. “घेतलेल्यावरून तुमची गरज कळते, टाकलेल्यावरून तुमची बुद्धी,” असे ते म्हणत. माणसांची मदतही त्याच काटेकोरपणाने नोंदवायची. एका मुलीने पानावर ‘आईने चहा करून दिला’ असे लिहिले, तेव्हा सरांनी गंभीरपणे विचारले, “कोणत्या प्रकरणाला?” ती म्हणाली, “तिसऱ्या, सर. तिथे फार झोप येत होती.” सरांनी ते प्रकरण पुन्हा चाळले, “शक्य आहे,” असे म्हणाले आणि नोंद कायम ठेवली.

एकदा तर एका वाक्यासाठी त्यांनी अकरा विद्यार्थ्यांना वाशीच्या एपीएमसी मार्केटात नेले. यंत्राने एकाला लिहून दिले होते, ‘बाजारातील हमाल दुपारी एकत्र बसून भोजन करतात व त्यातून त्यांच्यातील ऐक्य दृढ होते.’ सरांनी त्या ओळीवर बोट ठेवून नेहमीचा प्रश्न केला, “हे कोणी पाहिले?” कोणीच पाहिले नव्हते. म्हणून भर दुपारी आम्ही कांद्याच्या गोण्यांमधून वाट काढत आत जाऊन उभे राहिलो आणि सरांनी एका पिकल्या मिशांच्या हमालाला ते वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवले. त्याने खांद्यावरचा पंचा झटकला. “एकत्र? आन् समदी एकत्र बसल्यावर गाडी कोन खाली करनार, तुमी?” शेजारचे दोघे खदखदून हसले. सरांनी त्याला विचारले, “आपले म्हणणे मी लिहून घेऊ का?” “लिवा की. पन फोटू नगं.” सरांनी वार, वेळ, गाळ्याची जागा आणि म्हणणे लिहून घेतले, त्याला वाचून दाखवले आणि नमस्कार केला. परतताना एक विद्यार्थी कुरकुरला, “सर, एका वाक्यासाठी अख्खी दुपार?” सर म्हणाले, “एका वाक्यासाठी नव्हे. यापुढच्या सगळ्या वाक्यांसाठी.”

असा हा मनुष्य. आणि याच मनुष्याच्या हाताखाली अश्विनीचा लघुप्रबंध होता. अश्विनी कोपरखैरण्याची. वडील मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटात हमाल. तिचा विषय होता हमालांच्या घरातल्या स्त्रियांचे काम. मुलगी हुशार, बोलायला तडफदार, आणि घाईत. एका शाळेने तिला शिक्षिकेची जागा देऊ केली होती. अट एकच, जूनपर्यंत निकाल हाती हवा. वडिलांची कंबर वर्षभरापासून धरलेली होती, त्यामुळे त्या जागेवर केवळ तिची आशा नव्हे तर घर उभे होते. लघुप्रबंध सादर करायला तीन आठवडे उरले असताना सरांनी तिचे दुसरे प्रकरण परत केले. समासात लिहिले होते : ‘आपण आधार म्हणून दिलेले पुस्तक मला सापडले नाही. मी तीन दिवस शोधले. आपण किती?’

ते पुस्तक नव्हतेच. लेखक नव्हता, प्रकाशकही नव्हता. संपूर्ण प्रकरण एआयने लिहिले होते आणि साहाय्याच्या पानावर अश्विनीने एवढेच नोंदवले होते, ‘भाषेची किरकोळ दुरुस्ती.’ ती आमच्या टेबलासमोर उभी राहिली, तेव्हा रडली नाही. म्हणाली, “सर, सगळ्यांनी असंच केलंय. त्यांचं पकडलं गेलं नाही, एवढाच फरक.” सर म्हणाले, “प्रकरण पुन्हा लिहा. तुमच्या हाताने. आणि पानावर जे घडले ते लिहा.” आता मात्र तिचा आवाज चढला. “खरं लिहिलं तर बाहेरून येणारे परीक्षक मला नापास करतील. नाही लिहिलं तर तुम्ही सही करणार नाही. मग मी नेमकं करू काय, सर?” सरांनी परत केलेले प्रकरण तिच्याकडे सरकवले. “आधी प्रकरण लिहा,” एवढेच म्हणाले. ती गेल्यावर मी त्यांना सांगितले की हा आग्रह फार कठोर आहे, मुलीचे वर्ष जाईल. ते म्हणाले, “बाई, मला ठाऊक आहे. पण उद्या ती शाळेत शिकवणार आहे.”

दहा दिवसांत अश्विनीने प्रकरण नव्याने लिहिले. वाचनालयात बसून तिने जे मिळेल ते वाचले, आणि त्यात सरांचा स्वतःचा जुना पीएच.डी.चा प्रबंधही वाचला. नव्या शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या खाडीकाठच्या गावांवरचा तो प्रबंध. त्याचे चौथे प्रकरण स्त्रियांविषयी आहे, आणि आमच्या विभागात ते सर्वोत्तम मानले जाते. एका रविवारी ती नवे प्रकरण घेऊन सरांच्या घरी जाणार होती. एकटीने जायला धजेना, म्हणून मलाही घेऊन गेली. सरांनी प्रकरण शांतपणे वाचले, दोन ठिकाणी खूण केली आणि मान हलवली. ते समाधान पाहून अश्विनीला धीर आला असावा. तिने पिशवीतून वही काढली आणि अगदी निर्मळपणे विचारले, “सर, तुमच्या चौथ्या प्रकरणात आहे ना, ‘संशोधकाने चुलीपुढे बसून स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या’. मला पद्धत म्हणून विचारायचंय. तुम्हाला त्या बायकांनी आत, स्वयंपाकघरात कसं येऊ दिलं?”

उत्तर आतून आले. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चहाचा ट्रे घेऊन येतच होत्या. “यांना कुठलं आत येऊ देतायत! परका पुरुष दारात दिसला की बायका पदर ओढून मागच्या दारी जायच्या. मी बसायचे गं चुलीपुढे. थोरला तेव्हा मांडीवर. त्याला त्यांनी भाकरीचा तुकडा दिला की बोलणं सुरू व्हायचं. घरी येऊन सगळं लिहून काढायचं, मग यांच्यासाठी नीट मांडायचं. ते प्रकरण काय, माझ्या हातचंच.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, आपण तेव्हा कोणत्या इमारतीत राहत होतो हे सांगावे, तसे त्या सांगत होत्या. “चहात साखर कमी नाही ना झाली?” त्यांनी विचारले, कारण आमच्यातले कोणीच कप उचलत नव्हते.

अश्विनीने वही मिटली. तिला सर्व समजले होते, आणि समजले नाही असे दाखवण्याचा ती प्रयत्न करत होती. सर खिडकीकडे पाहत होते. मी त्यांना सोळा वर्षे ओळखत होते. खोटेपणा लपवताना सापडलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. आपल्याच घरात रोज दिसणारी एखादी वस्तू प्रथमच पाहावी, तसा तो होता. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात वहिनींसाठी एक ओळ आहे, ती मी नंतर वाचली : ‘माझ्या पत्नीने घराची जबाबदारी सांभाळल्यामुळे मी निश्चिंतपणे संशोधन करू शकलो.’

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “मी विद्यापीठाला कळवणार आहे.” मी घाबरून म्हटले, “सर, निवृत्तीला चार महिने राहिलेत. पेन्शनचे कागद फिरतायत. कोणी पदवीवरच आक्षेप घेतला तर? आणि त्या काळी तर सगळेच असं करायचे.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “हेच वाक्य आपण दोघांनी याच टेबलावर ऐकले आहे, बाई. तेव्हा ते आपल्याला पटले नव्हते.” मग थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात म्हणाले, “ती मुलगी भीत भीत खरे लिहिणार. आणि तिच्या पानावर सही कोण करणार? मी?”

शनिवारच्या तासाला त्यांनी आपला प्रबंध वाचनालयातून मागवून टेबलावर ठेवला. चौथ्या प्रकरणाची पहिली ओळ वाचली आणि त्यावर बोट ठेवले. “हे कोणी पाहिले, असे मी तुम्हाला विचारत असतो. हे मी पाहिलेले नाही. इथे ‘संशोधकाने’ असे लिहिले आहे. तो संशोधक मी नव्हतो.” मग त्यांनी स्वतःच्या प्रबंधासाठी नव्याने लिहिलेले साहाय्याचे पान वाचून दाखवले. खाडीकाठचा तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, पन काकू तर घरच्याच ना?” सर म्हणाले, “म्हणूनच राहून गेले.” वर्गात कोणीही हसले नाही. अश्विनी बाकावरच्या रेघेवरून नख फिरवत बसली होती.

सोमवारी तिने आपले पान दिले. ‘दुसऱ्या प्रकरणाचा पहिला खर्डा मी एआयकडून लिहून घेतला होता आणि तो माझा म्हणून दिला होता. त्यात अस्तित्वात नसलेले एक पुस्तक होते. ते मी शोधले नव्हते. माझ्या मार्गदर्शकांनी शोधले. हे प्रकरण मी पुन्हा स्वतः लिहिले आहे. मुलाखती मी घेतल्या. त्यांतील सहा माझ्या आईने जमवून दिल्या आणि तीन वेळा तीच माझ्याआधी योग्य प्रश्न विचारत होती.’ शेवटचे वाक्य तिला कोणी सांगितले नव्हते. सरांनी पेन काढले आणि सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई करड्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी ते पान दोनदा वाचले आणि पुढचा पाऊण तास फक्त दुसऱ्या प्रकरणावर प्रश्न विचारले. प्रत्येक पुस्तक अश्विनीने खरोखर वाचलेले होते, त्यामुळे उत्तरे येत गेली. शेवटी बाई म्हणाल्या, “हे पान नसतं, तर मी एवढं खोदलं नसतं, हे तुला कळतंय ना?” “हो, मॅडम.” “तरी लिहिलंस?” अश्विनी म्हणाली, “आमच्या सरांनी त्यांचं लिहिलं, मॅडम.” बाईंनी पहिल्या खोट्या नोंदीसाठी काही गुण कापले आणि तिला उत्तीर्ण केले. गुण कापल्याचे मला वाईट वाटले, सर म्हणाले, “कापायलाच हवे होते.” जूनमध्ये अश्विनी शाळेत रुजू झाली.

सर आता निवृत्त झाले आहेत, आणि शनिवारचा तास माझ्याकडे आला आहे. विद्यापीठाकडून त्यांच्या पत्राला अजून उत्तर नाही. मान्य झालेल्या प्रबंधात नवे पान घालण्याचा नियमच नसावा. ग्रंथपालांनी बांधणी उसवायला नकार दिला, म्हणून ते पान पारदर्शक पाकिटात घालून प्रबंधाच्या शेवटी ठेवले आहे. परवा मी ते काढून पाहिले. अक्षर सरांचे, सुबक; वहिनींनी कोणत्या गावी, कोणत्या घरात, कोणाशी बोलून काय टिपले, याची नीट यादी. मात्र तळाशी दोन ओळींची जागा कोरी आहे आणि सही तिच्या खाली. मी फोन करून विचारले. सर म्हणाले, पाठवण्यापूर्वी ते पान त्यांनी वहिनींना वाचायला दिले होते, कारण ज्याच्याविषयी लिहायचे त्याला आधी दाखवावे. वहिनींनी चष्मा लावून सावकाश वाचले. पाच गावे लिहिली होती ती सात करायला लावली. त्यांतल्या दोन ठिकाणी सर आलेच नव्हते, तापाने घरी होते. मग शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “अहो, हे नको. ‘तिच्याविना हे झालेच नसते’ असं सगळेच लिहितात. मी काय केलं, तेवढंच लिहा.”

सरांनी पान पुन्हा स्वच्छ लिहून काढले. वाक्य वगळले, पण त्याची जागा मिटवली नाही. काही वगळले आहे हे वाचणाऱ्याला कळायला हवे, असे ते मला म्हणाले.